औषधाचं खानदान

अम्मी माणसं चेहऱ्यावरून कमी आणि मनगटावरून जास्त ओळखायची. आम्ही अहमदपूरचे मनियार, म्हणजे बांगड्या विकणारे आणि भरणारे. धंदा खरा अम्मीचा. अब्बा शिवणकाम करायचे आणि दिवसभर मशीनला जुंपलेले असायचे. अम्मी मात्र डोक्यावर टोपली आणि खांद्याला बांगड्यांच्या माळा घेऊन रोज एखादं गाव करायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुठल्या गावात, कुठल्या दारात, कुठल्या सुनेला सव्वादोनचं माप लागतं आणि तिच्या सासूला अडीचचं, हे तिला कधी विचारावं लागलं नाही. कुणाच्या हाताला काय सोसत नाही, हेही तिच्या डोक्यात पक्कं असायचं. एका मास्तरीणबाईंना धातूच्या बांगडीनं खाज सुटायची. अम्मी त्यांच्या ओट्यावर बसली की धातूची माळ आधी टोपलीच्या तळाशी ढकलायची आणि मगच वरचं फडकं काढायची, बाईंना मोह व्हायला नको म्हणून. मी फुशारकी मारते आहे हे मला कळतं. मारू द्या. पन्नाशी जवळ आली, आता नाही मारली तर कधी मारणार.

घरात आम्ही दखनी बोलायचो, बाहेर मराठी, आणि अम्मी या दोन्हींचं मिळून तिसरंच काहीतरी. सकाळी मला जाग यायची ती तिच्या टिचक्यांनी. नव्या मालातली एकेक बांगडी ती दोन बोटांत धरून तिच्यावर टिचकी मारायची आणि कान देऊन ऐकायची. चांगली बांगडी लांबपर्यंत वाजते, तडा गेलेली बसक्या आवाजात गप्प होते. तो तडा डोळ्यांना दिसत नाही. चुलीवर भाकरी फुगत असायची, कढईत अंबाडीची भाजी, आणि शुक्रवार असला तर खिचडी आणि चिंचेचा खट्टा. अब्बांच्या मशीनची खडखड सुरू झाली की टिचक्या ऐकू यायच्या नाहीत, म्हणून अम्मीचं हे काम मशीनच्या आधी उरकलेलं असायचं. अब्बा दहा मिनिटं मुद्दाम चहा लांबवायचे. त्यांच्या संसारातला तेवढा एक गोडवा मला लहानपणी दिसला नव्हता, आता दिसतो.

भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होते. आमच्या गल्लीतली घरं उभी राहिली, पण त्यांच्यावरचा भरवसा गेला. सगळी गल्ली शाळेच्या मैदानात येऊन राहिली. चार बांबू, वर पत्रा किंवा चादर, की झालं घर. दूरच्या गावांतल्या बातम्या यायच्या आणि बायका बोलता बोलता थांबायच्या. अम्मी कित्येक दिवस टोपली घेऊन बाहेर पडली नाही. “कुणाच्या दारात बांगडी म्हणून हाक मारू,” एवढंच म्हणाली. त्याच मैदानात माझ्या पायाला पत्रा लागला. चार दिवस हळद दाबून झाली, पाय सुजला, जखम पिकली. शाळेच्या दोन वर्गांत बाहेरून आलेल्या डॉक्टरांचं शिबिर होतं. तिथल्या पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, पट्टी बांधली, एक गोळी तिथंच पाण्याबरोबर दिली आणि बाकीच्या पुडीत बांधून दिल्या.

आम्ही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचलो तेव्हा अम्मी मला हाताला धरून चालवत होती. ती एकदम थांबली. माझ्या हातात दोन काचेच्या बांगड्या होत्या, सैल, शाळेत बाकावर वाजणाऱ्या. त्या आता फिरत नव्हत्या. माझ्या अंगाला खाज सुटलेली मला कळत होती, पण हात सुजतो आहे हे मला कळायच्या आत तिला कळलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथंच दगडावर आपटून बांगड्या वाढवल्या आणि मला जवळजवळ उचलून शिबिरात परत नेलं. तोवर अंगभर गांध्या उठल्या होत्या, ओठ जाड झाले होते आणि श्वासात शिट्टी वाजायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी लगेच इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपर्यंत मला नजरेसमोरून हलू दिलं नाही.

“हिला पेनिसिलिन सोसत नाही,” बाईंनी अम्मीला समोर बसवून सांगितलं. “नाव पाठ करा. आणि नुसतं नाव पाठ करून भागणार नाही. त्याचं घराणं मोठं आहे. त्यातल्या प्रत्येक औषधाचं नाव वेगळं, वर कंपन्यांनी दिलेली नावं आणखी वेगळी. म्हणून कुणीही औषध लिहून दिलं की आधी सांगायचं, हिला असं असं झालं होतं. आणि विचारायचं, हे त्याच घराण्यातलं आहे का.”

“म्हंजी खानदान इचारायचं,” अम्मी म्हणाली.

“हो. दर वेळी खानदान विचारायचं.”

हे अम्मीला मनापासून पटलं. आमच्याकडे सोयरीक जमवताना नाव मागून विचारतात, खानदान आधी. औषधालाही तोच कायदा लागू आहे हे कळल्यावर तिला ते औषध जणू ओळखीचं वाटायला लागलं. “पेन-सी-लीन,” ती वाटभर पुटपुटत राहिली. एकेक अक्षर ती टिचकी मारल्यासारखं तपासत होती.

पुढच्या खेपेला ती माल आणायला नांदेडला गेली तेव्हा गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानातून एक पोलादी कडं घेऊन आली. अहमदपुरात भांड्यांच्या दुकानात नावं घालणारा माणूस बसायचा. लग्नाच्या ताटांवर, हंड्यांवर तो घरघरणाऱ्या मशीननं नावं कोरायचा. अम्मीनं कडं त्याच्या पुढ्यात ठेवलं. “पोरीचं नाव घालू का?” त्यानं विचारलं. “नाव तिला ठाऊक हाय,” अम्मी म्हणाली. “हे घाल.” आणि तिनं सांगितलं तसं त्यानं कोरलं: पेनिसिलिन चालत नाही. ताटावर असतात तशीच ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. मग घरी आणून, साबण लावून, अंगठा तळव्यात दाबून तिनं ते माझ्या हातात चढवलं. “हात सैल सोड,” म्हणाली. गिऱ्हाइकाला म्हणायची तसंच.

तिथून पुढे माझी शरमेची वर्षं सुरू झाली. साधा खोकला झाला तरी अम्मी दवाखान्यात डॉक्टरांच्या लेखणीवर नजर लावून बसायची. त्यांनी कागद फाडला की, “साहेब, याचं खानदान कोणतं?” हे ठरलेलं. रांगेतले लोक हसायचे. एकदा तर कंपाउंडरनं खोकल्याच्या औषधाची बाटली दिली आणि ती म्हणाली, “याचे सगेसोयरे कोण?” मी तोंड लपवलं. मी तेव्हा शाळेत पहिली येत होते आणि अशा हुशार मुलीला अशी आई असावी याचं मला वाईट वाटायचं. हे लिहिताना आज मला माझीच लाज वाटते.

दहावीला गुण बरे पडले आणि मी लातूरला आले. त्या वर्षांत लातूरला शिकवण्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग, गोदामात वर्ग, सर माइकवरून शिकवायचे आणि मागच्या बाकांना सर दिसायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून मुलं-मुली यायची आणि एकेका खोलीत चौघी-पाचजणी राहायच्या. आमच्या खोलीत आम्ही चौघी. माझ्या शेजारी जिची वळकटी होती ती सुनीता, किनवट तालुक्यातल्या इस्लापूरची, घरची शेती, अंगानं दणकट आणि बोलायला फटकळ. मेसमध्ये सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी; दोन्ही वेळेला पातळ वरण आणि वातड पोळ्या. घरून शेंगाची चटणी आली की ती ज्या दिवशी यायची त्याच दिवशी संपायची.

आणि आमच्या खोलीत एक डबा होता. बिस्किटांचा पत्र्याचा, झाकणावर गुलाबाची फुलं. त्याला आम्ही सरकारी दवाखाना म्हणायचो. कुणी आजारी पडून डॉक्टरकडून औषध आणलं आणि दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या या डब्यात. पुढच्या वेळी कुणालाही ताप, घसा, पोट, काहीही झालं की डबा उघडायचा आणि साधारण तशाच आजाराच्या गोळ्यांची पट्टी शोधायची. यात आम्हाला काही चुकतंय असं वाटत नव्हतं. उलट डॉक्टरकडे जाणारी मुलगी आम्हाला आळशी वाटायची. दवाखान्यात दोन तास जाणार, दोन तासांत एक धडा, आणि एक धडा बुडाला की जन्म वाया गेला असा आमचा हिशेब होता. आम्ही चौघी जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी. जंतूंची नावं आम्हाला पाठ होती.

कडं मी लातूरला आल्यावर महिन्याभरातच काढलं. लिहिताना बाकावर घासायचं. मुली विचारायच्या, “तू सरदारणी हायेस का?” आणि मग जवळ घेऊन वाचायच्या आणि हसायच्या. सुनीतानं तर मोठ्यानं वाचून खोलीभर ऐकवलं होतं. मी ते ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं. आठवीतली गोष्ट आता गेली, असं मी ठरवून टाकलं. खरं तर अशी गोष्ट गेली की आहे हे आपण ठरवायचंच नसतं. पुष्कळांना लहानपणी उठलेले पुरळ दुसऱ्याच कशाचे असतात आणि आयुष्यभर ते उगाच हे औषध टाळतात. हल्ली डॉक्टर तपासून खात्री करून देतात. पण ते काम डॉक्टरांचं, ट्रंकेचं नव्हे.

सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी माझा घसा धरला आणि दुपारी अंग तापलं. “दवाखान्यात चल,” सुनीता म्हणाली, “मी येते संगं.” मी म्हणाले, वेळ नाही. डबा उघडला. एका मुलीचा घसा महिन्यापूर्वी दुखला होता, तिची अर्धी पट्टी होती. मी नाव वाचलं. पेनिसिलिन असं त्यावर कुठंच नव्हतं; अमॉक्सिसिलिन असं होतं. वर्गात पहिल्या दहांत असलेल्या मुलीनं नाव वाचलं आणि खानदान विचारलं नाही. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली आणि पुस्तक उघडलं.

दोन पानंसुद्धा झाली नसतील. आधी तळहात खाजले. मग कानांत गरम वाटायला लागलं. मी पान उलटायला हात उचलला आणि हातातल्या दोन काचेच्या बांगड्या जागच्या हलल्या नाहीत. त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि सांगायला गेले तर आवाज निघेना. घशाच्या आत कुणीतरी गाठ मारत होतं. सुनीतानं माझ्याकडे पाहिलं, उघड्या डब्याकडे पाहिलं.  माझी ट्रंक उलटी केली, कपडे भिरकावले आणि कडं काढलं. ते माझ्या सुजलेल्या हातात जाईना, तेव्हा तिनं ते स्वतःच्या मुठीत धरलं, दुसऱ्या हातात ती पट्टी घेतली आणि मला पाठीवर टाकून जिना उतरली. आरडाओरडा ऐकून खालच्या घरमालकीण काकूंनी ऑटो थांबवला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “हिचं नाव काय?”

“नाव मागून इचारा,” सुनीता म्हणाली. “आधी हे वाचा. अन् हे खाऊन राहिली ती.”

डॉक्टरांनी कडं वाचलं, पट्टी वाचली आणि तिथंच माझ्या मांडीत इंजेक्शन दिलं. श्वास परत आला तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आला तो सुनीताचा आवाज. ती भिंतीला टेकून रडत होती आणि मला शिव्या देत होती. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, आणखी थोडा उशीर झाला असता तर उपयोग झाला नसता. आणि माझा घसा पाहून म्हणाले, या घशाला बहुधा त्या औषधाची गरजच नव्हती. साधी सर्दी आहे, चार दिवसांत आपोआप गेली असती.

दुसऱ्या दिवशी अम्मी-अब्बा एसटीनं आले. अब्बांचा चेहरा उतरला होता. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाले, “बस झालं शिक्षण. आज संध्याकाळच्या गाडीनं घरी.” गल्लीतल्या सगळ्यांनी त्यांना हेच सांगून पाठवलं होतं. मी मान खाली घातली.  लातूर सुटलं, डॉक्टर व्हायचं स्वप्न, पुस्तकं सगळं सुटलं, हे मी मनात मान्यच करून टाकलं.

अम्मी उठली. ती थेट डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, “साहेब, मला त्याचं सगळं खानदान सांगा. भाऊबंद, चुलतमालत, समदे.” डॉक्टर आधी हसले, मग तिचा चेहरा पाहून गंभीर झाले आणि एकेक नाव सावकाश सांगत गेले. थोडी लांबची काही औषधं आहेत, ती हिला द्यायची की नाही हे डॉक्टर त्या वेळी ठरवतील, हेही त्यांनी सांगितलं. अम्मी डोळे मिटून ऐकत होती. नंतर मला कळलं, तिनं प्रत्येक नाव आपल्या रोजच्या वाटेवरच्या एकेका दारात ठेवलं होतं. अमॉक्सिसिलिन मास्तरीणबाईंच्या ओट्यावर, अ‍ॅम्पिसिलिन पाटलांच्या थोरल्या सुनेकडे. अशी ती गावभर फिरून आली आणि डॉक्टरांना सगळी नावं न चुकता म्हणून दाखवली.

मग ती आमच्या खोलीवर आली, फरशीवर फतकल मारून बसली आणि डबा मांडीत घेतला. चौघींना समोर बसवलं. एकेक पट्टी वर काढायची आणि विचारायची, ही कुणाची, कशाची, किती दिवसांची होती. सात दिवसांची, बरं वाटलं म्हणून तीन दिवसांत सोडली. पाच दिवसांची, दोन दिवसांत सोडली. सगळ्या पट्ट्या अर्ध्या.

“बांगडी हाताच्या गाठीवर आणून कुणी सोडती का?” अम्मी म्हणाली. “अर्ध्यात सोडली की फुटती अन् हातात घुसती. डाक्टरनी सात दिस सांगितले तर सात दिस. सोडायची असंल तर त्येला इचारून सोडायची.” मग तिनं सुनीताचा रुंद हात आणि माझा हडकुळा हात शेजारी शेजारी धरले. “हिचं माप तुला येतं का? न्हाई ना. मग हिची दवा तू कशी खाती?”

कुणी हसलं नाही. तेवढ्यात अब्बा दारात आले. “सामान बांधलं का पोरीचं?”

“न्हाई,” अम्मी म्हणाली. “मी हिला नेणार न्हाई. हा डबा नेणार.”

अब्बा उंबरा ओलांडून आत आले. मग त्यांनी वाकून ट्रंकेबाहेर पडलेले माझे कपडे गोळा केले आणि घड्या घालून परत आत ठेवले. अम्मीनं गोळ्या सगळ्या डॉक्टरांच्या स्वाधीन केल्या, रिकामा डबा काखेत मारला, आणि जाण्याआधी माझा हात मांडीवर घेतला. सूज उतरली होती. “हात सैल सोड,” म्हणाली. कडं चढलं ते आजतागायत हातात आहे. अक्षरं झिजली, दोनदा पुन्हा कोरून घेतली.

डॉक्टर व्हायला गुण थोडे कमी पडले. मी औषधशास्त्राकडे गेले आणि गेली कित्येक वर्षं नांदेडच्या एका रुग्णालयात औषधांचा विभाग सांभाळते. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. पट्टी देण्याआधी विचारायचं: पूर्वी कुठलं औषध खाऊन अंगावर काही उठलं होतं का, श्वास लागला होता का. आणि देताना सांगायचं: किती दिवस, किती वेळा, आणि हे फक्त तुमच्यासाठी. पोरं याला अम्मीचा सवाल म्हणतात. माझ्या भिंतीवर प्रमाणपत्रं टांगलेली आहेत, पण माझी खरी गुरू कोण हे त्या पोरांना ठाऊक आहे, आणि मला त्याचा गर्व आहे. साधा गर्व नाही, चांगला टोपलीभर.

गेल्या वर्षी अम्मीचा पाय काट्यानं पिकला. ती आता माझ्याकडेच असते, दिसायला कमी झालंय, पण डोकं तसंच. तरुण डॉक्टरांनी पाय पाहिला, पूर्वी कशाचा त्रास झाला होता का ते विचारलं आणि औषध लिहिलं. “खानदान कोणतं?” अम्मीनं विचारलं. त्यांनी सांगितलं, आजी, हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं. मी म्हणाले, अम्मी, तुला ते चालतं.

“मेरेकू चलता,” ती म्हणाली. “घर में तू हाय ना.”

तिनं पट्ट्या माझ्या हातात पडू दिल्या नाहीत. नुसत्या पट्टीला हात लावल्यानं काही होत नाही, मी औषधांमध्येच दिवस काढते, हे सांगून पाहिलं. तिनं ऐकलं नाही. फुलांचं झाकण असलेला तो डबा तिनं आजवर जपून ठेवलाय. त्यात पट्ट्या ठेवल्या आणि डबा उशाशी घेतला. सात दिवस, दिवसातून तीनदा. एका दोरीत तिनं एकवीस बांगड्या ओवून घेतल्या आणि प्रत्येक गोळीला एक बांगडी या दोरीतून त्या दोरीत. तिसऱ्या दिवशी पाय दुखायचा थांबला. चौथ्या दिवशीही दोरीतली बांगडी वाजलीच. सातव्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा पहिली दोरी रिकामी लोंबत होती. अम्मीनं डबा उघडला, शेवटची रिकामी पट्टी बोटांनी चाचपून पाहिली, गोळीचं एकही घर भरलेलं नाही याची खात्री केली आणि ती माझ्यापुढे धरली.

“ले,” म्हणाली. “अब हात लगा.”